धरण उशाला, मग कोरड घशाला का? शहापूर तालुका, त्याचे तलाव आणि तिथला कारभार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात राहणाऱ्या पण शहापूरशी या ना त्या नात्याने बांधलेल्या लोकांचे हे प्रश्न आहेत. कुणाचं गाव तिकडे, कुणाची सासुरवाडी, कुणाला वासिंदला घर घ्यायचंय, तर कुणाला पावसाळ्यात तानसा बघायला जायचंय. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत. उत्तरं काही लांब, काही एका ओळीची.

शहापूर अजून ठाणे जिल्ह्यातच आहे का? पालघरमध्ये गेलं ना?

ठाण्यातच आहे. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा फुटला तेव्हा वाडा, मोखाडा, जव्हार ही शेजारची मंडळी पालघरकडे गेली आणि शहापूर इकडेच राहिलं. आता ठाणे जिल्ह्यात सात तालुके आहेत: ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर. नवी मुंबई महापालिका याच ठाणे तालुक्यात येते, हे पुष्कळांना सांगितल्यावर खरं वाटत नाही.

एका जिल्ह्यात सहा महापालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर. त्याखाली अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन नगरपरिषदा, आणि सगळ्यात शेवटी शहापूर आणि मुरबाड या दोन नगरपंचायती. उरलेला सगळा मुलूख ग्रामपंचायतींचा. जिल्ह्याच्या बैठकीत कुणाचा आवाज मोठा असतो, ते या उतरंडीवरूनच कळतं.

गाव किती जुनं? इतिहास म्हणावा असं काही आहे का?

शहापूरच्या डोक्यावर माहुली किल्ला आहे, आणि तेवढं पुरे आहे. निजामशाहीच्या अखेरीला शहाजीराजांनी छोट्या मुर्तझा निजामशहाला घेऊन शेवटचा तळ इथेच ठोकला. मुघल आणि आदिलशाही फौजांनी वेढा घातला आणि १६३६ मध्ये किल्ला सोडावा लागला. निजामशाही तिथेच संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मुघलांना जे तेवीस किल्ले दिले त्यांत माहुली होता, आणि १६७० मध्ये तो परत स्वराज्यात आला. माहुली, भंडारगड आणि पळसगड असं हे तीन शिखरांचं दुर्गत्रिकूट. आसनगाव स्टेशनला उतरून कसाऱ्याच्या दिशेला पाहिलं की डाव्या हाताला जे सुळके दिसतात ते हेच.

या भागाचं जुनं नाव कोळवण. महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी, आगरी अशी इथली वस्ती. बाहेरच्या जगाशी गाठ पडली ती रेल्वेमुळे. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली हे शाळेत पाठ करून घेतात. पुढचं मात्र कुणी सांगत नाही: १८५५ मध्ये रूळ वासिंदपर्यंत आले, आसनगाव गाठायला १८६० उजाडलं, १८६१ मध्ये कसारा आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरी. मधल्या काळात वासिंद हे काही वर्षं या मार्गाचं शेवटचं टोक होतं. शहापूर गावात मात्र रेल्वे आलीच नाही. आजही आसनगावला उतरून रिक्षा करावी लागते.

तलाव कुठून आले? ते नैसर्गिक आहेत का?

नाहीत, सगळे बांधलेले आहेत. मुंबईने आधी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) बांधले. शहर वाढत गेलं तसे ते अपुरे पडले आणि नजर कोळवणावर गेली. तानसा नदीवर दगडी बांध घातला गेला आणि १८९२ मध्ये तानसाचं पाणी मुंबईला गेलं. बांधाची लांबी पावणेतीन किलोमीटरच्या वर आहे. त्या काळी ना काँक्रीटचे मिक्सर होते ना क्रेन, दगड आणि चुन्यावर तो उभा राहिला. आणि मुंबईपर्यंत पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने गेलं. आजही तसंच जातं.

स्वातंत्र्यानंतर वैतरणेवर मोडकसागर झाला. मुंबई महापालिकेचे अभियंते मोडक यांचं नाव त्याला दिलं आहे. मग ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. म्हणजे सव्वाशे वर्षांत मुंबईला तहान लागली की तिने याच डोंगररांगेकडे बोट दाखवलं आहे.

कुठला तलाव कुणाचा?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण याचं उत्तर माहीत नसल्यामुळेच लोक भलत्या कार्यालयात खेटे घालतात.

तानसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा मुंबई महापालिकेचे. भातसा आणि ऊर्ध्व वैतरणा राज्याच्या जलसंपदा विभागाचे. मुंबई तिथून पाणी विकत घेते. तानसाभोवतीचं जंगल वन विभागाचं, आणि १९७० पासून ते अभयारण्य आहे. शहापूर नगरपंचायतीचा यातला एकही तलाव नाही. काठावरच्या कुठल्याही ग्रामपंचायतीचाही नाही.

आकडे सांगायचे तर मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांचा मिळून उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला एकटा भातसा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा. तानसा १,४५,०८० आणि मोडकसागर १,२८,९२५. मुंबई रोज ३,८५० दशलक्ष लिटरच्या आसपास उचलते. पावसाळ्यात पेपरात रोज ‘तलावांत इतके टक्के साठा’ अशी चौकट येते, ती याच हिशोबाची. त्या चौकटीत शहापूरच्या लोकांच्या वाट्याचा रकाना नसतो.

मग धरणं एवढी, तर उन्हाळ्यात टँकर कशाला?

ठाण्यातल्या प्रत्येक माणसाचा हा पहिला प्रश्न असतो. विचारताना त्याचा स्वर असा असतो, की गाववाल्यांनीच काहीतरी आळस केला असणार. तर नीट ऐका.

एक म्हणजे, धरणात पाणी आहे म्हणून ते उचलता येत नाही. प्रत्येक थेंबाचं आरक्षण ठरलेलं असतं आणि ते राज्य सरकार ठरवतं. काठावरच्या गावाला ‘आमच्या शेजारी आहे’ एवढ्यावर त्यातलं काही मिळत नाही.

दुसरं, जमिनीचा उतार. धरण दरीत असतं आणि पाडे वर माळावर. कसारा, खर्डी, डोळखांब हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याचा, खाली काळा पाषाण. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण या खडकात तो मुरत नाही. चार महिने कोसळतो, ओढ्यांनी पळतो आणि थेट जाऊन बसतो त्याच धरणांत. होळी झाली की विहिरींचा तळ दिसायला लागतो. म्हणजे गावावर पडलेलं पाणी गावात थांबत नाही, आणि जिथे थांबतं ते गावाचं नाही.

तिसरं कारण कमी बोललं जातं, ते म्हणजे पैसा. नळयोजना बांधायला सरकार पैसे देतं. ती चालवायची ग्रामपंचायतीने. पंपाचं वीजबिल, जळालेली मोटर, फुटलेली पाइपलाइन, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगार, सगळं पाणीपट्टीतून. दोनशे घरांच्या पंचायतीत निम्म्या घरांकडे पट्टी थकलेली असली की वीज तोडली जाते, आणि कोट्यवधींची टाकी नुसती उभी राहते. अशा रंगवलेल्या, कोरड्या टाक्या तालुक्यात शोधायला लागत नाहीत.

मे महिन्यात एखाद्या पाड्यावर टँकर येताना बघा. तो दारोदार जात नाही, थेट विहिरीवर जातो. ड्रायव्हर जाड पाइप विहिरीत सोडतो आणि कोरड्या विहिरीत पाणी ओततो. मग बायका दोर आणि पोहरा टाकून तेच पाणी पुन्हा वर ओढतात. पहिल्या पंधरा मिनिटांत वरचं नितळ पाणी ज्यांना मिळतं ते पिण्याला, मागाहून येणाऱ्यांच्या हंड्यात गाळ. कुणाचा हंडा आधी, यावरून वादही होतात आणि सोयरिकीही कळतात. विहिरीच्या काठावर उभं राहिलं की लांब खाली धरणाचं पाणी चमकताना दिसतं.

यावर काही उपाय चाललाय की नाही?

दोन गोष्टी सांगता येतील. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये घराघरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर असं माप ठरलंय. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी हेच माप १३५ लिटर आहे. सरकारी कागदावरच खेड्यातला माणूस कमी पाणी पितो. दुसरी भावली योजना. इगतपुरी तालुक्यातलं भावली धरण घाटावर, उंचावर आहे. तिथून पाणी उताराने शहापूरच्या गावांत आणायचं, म्हणजे पंपाचं बिल नको. आमच्या मते कल्पना म्हणून ही सगळ्यांत शहाणी योजना. गंमत बघा, ठाणे जिल्ह्यातल्या धरणाकाठच्या गावांना नाशिक जिल्ह्यातून पाणी.

तलावांची पातळी ‘१२८.६३ मीटर’ अशी सांगतात. तानसा एवढा खोल आहे का?

नाही हो. ती खोली नाही, उंची आहे, आणि मोजतात मुंबईच्या टाउन हॉलच्या खुणेपासून. तानसा १२८.६३ मीटरला भरतो, मोडकसागर १६३.१५ ला, भातसा १४२.०७ ला. शहापूरच्या रानातलं पाणीसुद्धा फोर्टातल्या पायरीवरून मोजायची ही पद्धत इंग्रजांची. आकड्यावरून धरणात किती पाणी आहे ते कळत नाही, भरायला किती उरलंय ते कळतं.

भातसाचं पाणी पाइपने जातं का?

बराच रस्ता नदीने जातं. धरणातून सोडलेलं पाणी भातसा नदीतून खाली वाहत येतं आणि भिवंडी तालुक्यातल्या पिसे इथल्या बंधाऱ्याशी अडवून पंपाने उचलतात. शुद्धीकरण शेजारच्या पांजरापूरला आणि भांडुपला. भिवंडीकडून ठाण्यात येताना रस्त्याकडेला जे अजस्र पाइप दिसतात त्यांतून हे आणि तानसा-वैतरणेचं पाणी जातं. वाटेत वीजही होते, भातशावर पंधरा मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. आणि उजव्या कालव्याने काही शेती भिजते.

धरणात गेलेल्या गावांचं काय झालं?

भातशाचं काम निघालं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा वेगळा कायदा नव्हता, तो १९७६ मध्ये आला. तोवर जे मिळालं ते मिळालं. प्रकल्पग्रस्तांच्या दाखल्याच्या, नोकरीच्या आणि जमिनीच्या मागण्या पुढच्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. या प्रश्नाला इथे याहून नीट उत्तर देणं कठीण आहे. ज्यांची जमीन गेली त्यांनाच विचारावं.

शहापूरला ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत कशाला केली?

आधी थोडं मागचं. ठाणे शहराला नगरपालिका मिळाली १८६३ मध्ये. तेव्हाचं ठाणं म्हणजे मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचं देऊळ, किल्ल्यातला तुरुंग, टेंभी नाका आणि आजूबाजूला भातशेती. तलावाकाठचं एक छोटं गावच ते, पण कलेक्टर तिथे बसायचा म्हणून पालिका लवकर आली. १ ऑक्टोबर १९८२ ला आजूबाजूची बत्तीस गावं जोडून महापालिका झाली. बाळकुम, कोलशेत, कावेसर, ओवळे इथले गावतळे तेव्हापासून पालिकेचे. शहापूरला हा पहिला टप्पा गाठायला दीडशे वर्षं लागली.

राज्यात ग्रामपंचायती १९५८ च्या कायद्याने चालतात, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती १ मे १९६२ पासून, आणि नगरपरिषदा १९६५ च्या कायद्याने. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. त्यात ‘धड खेडं नाही, धड शहर नाही’ अशा गावासाठी नगरपंचायत हा मधला प्रकार आला. पुढे सरकारने ठरवलं की तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी निदान नगरपंचायत असावी, आणि २०१५ मध्ये शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे ती झाली.

शहापूर तेव्हा खरंच शहर झालं होतं का? मुंबई-नाशिक महामार्ग, तहसील कचेरी, कोर्ट, बाजारपेठ, शेजारी आसनगावचे कारखाने. शेतीवर जगणारे कमी आणि भाड्याच्या खोलीत राहणारे जास्त. गटार, कचरा, बांधकाम परवाने हे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेलंच होतं. त्यामुळे निर्णय चुकला असं म्हणवत नाही. पण आसनगाव आणि वासिंद, जिथे इमारती शहापूरपेक्षा कमी नाहीत, ती ग्रामपंचायतच राहिली, कारण ती तालुक्याची ठिकाणं नाहीत. रस्त्याच्या अलीकडे नगरपंचायतीचा मुख्याधिकारी आणि पलीकडे ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक, असा हा प्रकार.

नगरपंचायतीत किती नगरसेवक? खरी सत्ता कुणाकडे?

सतरा प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक, शिवाय काही नामनिर्देशित सदस्य. नगराध्यक्ष लोकांनी निवडायचा की नगरसेवकांनी, हे सरकार बदललं की बदलतं. २०१६ मध्ये थेट निवड आणली, २०२० मध्ये काढली, २०२२ मध्ये परत आणली. सरपंचाचंही तेच: २०१७, २०२०, २०२२. इतक्या वेळा नियम फिरवल्यावर मतदाराने कशाच्या आधारावर मत द्यायचं, हे तुम्हीच सांगा.

खरी सत्ता सही कुणाची यावर ठरते. धनादेशावर, कामाच्या आदेशावर आणि बांधकाम परवानगीवर मुख्याधिकाऱ्याची मोहर लागते, आणि तो राज्य सरकारचा अधिकारी असतो. नगराध्यक्ष भांडून काम आणू शकतो, मुख्याधिकारी ते करू किंवा रखडवू शकतो. नगराध्यक्ष नसला, मुदत संपली, निवडणूक लांबली तरी मुख्याधिकारी असतोच.

पेसा म्हणजे काय? शहापूरला तो लागू आहे का?

१९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणजे आदिवासींसाठी राज्यघटनेने वेगळे नियम ठेवलेला भाग. शेजारच्या मुरबाडची ७७ आणि भिवंडीची ७२ गावं त्यात आहेत, शहापूर मात्र आख्खा. विधानसभेची जागाही अनुसूचित जमातीसाठी राखीव. अशा भागासाठी संसदेने १९९६ मध्ये पंचायतींचा जो वेगळा कायदा केला तो पेसा, आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले.

पेसाच्या ग्रामपंचायतीत सरपंच अनुसूचित जमातीचा, निम्म्या तरी जागा जमातीच्या. गौण वनउपज, सावकारी, दारूचं दुकान, जमिनीचं हस्तांतर यांवर ग्रामसभेचा शब्द चालतो. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के हिस्सा अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, म्हणून थेट पंचायतीकडे येतो. एखाद्या पाड्याला वाटलं की मोठ्या गावाच्या सभेत आपलं कुणी ऐकत नाही, तर तो स्वतंत्र गाव म्हणून मागणी करू शकतो. ठराव प्रांताधिकाऱ्यांमार्फत पुढे जातो.

आता यातली गाठ. पेसा फक्त पंचायतींना आहे. नगरपालिकांसाठी तसा कायदा संसदेने करायचा होता. तो आजतागायत झालेला नाही. त्यामुळे शहापूर ग्रामपंचायत असताना गावाला जे पेसाचं कवच होतं ते नगरपंचायत होताच गळून पडलं. तेच गाव, तीच माणसं, क्षेत्रही अजून अनुसूचितच. फक्त पाटी बदलली. नगरपंचायत हवी म्हणून ठराव करणाऱ्या गावांना ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी. वासिंद-आसनगावात ही चर्चा निघते तेव्हा तर नक्कीच.

मग ग्रामसभेचा अधिकार कुठल्या तलावावर चालतो?

छोट्या. पेसात शब्द आहेत ‘लघु जलसाठे’, आणि त्यांचं नियोजन-व्यवस्थापन पंचायतींकडे दिलंय. गावतळं, पाझर तलाव, वनराई बंधारा, ओढ्यावरचा सिमेंट नाला बांध हे त्यात आले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणाऱ्या योजना जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारेकडे, त्याहून मोठ्या मृद व जलसंधारणकडे, आणि भातशासारख्या जलसंपदेकडे. तानशाला ग्रामसभेचा ठराव लागत नाही.

आम्हाला विचाराल तर गावांनी ‘भातशाचं पाणी आमचं’ अशा ठरावात सगळा दम घालवू नये. मागणी खरी आहे, ती लावून धरावीच, पण ती मंत्रालयात सुटेल. गावतळ्यातला गाळ काढायला मात्र कुणाची परवानगी काढत मुंबईला जावं लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या (मार्च २०२६ पर्यंतच्या) पैशात साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिले आहेत, आणि जिल्ह्याच्या वाट्यातले ऐंशी टक्के ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतात. ते पेव्हर ब्लॉकवर आणि प्रवेशद्वाराच्या कमानीवर जात असतील तर ग्रामसभेत उठून विचारायचा हक्क तुमचा आहे. मच्छीमारीचा ठेकाही तसाच: गावतळ्याचा लिलाव पंचायत करते आणि ते पैसे पंचायतीच्या दफ्तरात दिसायला हवेत. विचारा कितीला गेला.

ग्रामसभेला कुणी फिरकतच नाही. गेलो तर उपयोग होतो का?

राज्याचा सर्वसाधारण नियम आधी. वर्षातून किमान चार सभा. प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. सात दिवस आधी नोटीस. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांपैकी जे कमी असेल ते. महिलांची सभा आधी घ्यायची असते.

आता प्रत्यक्षात काय होतं. झेंडावंदन होतं, शाळेतली मुलं बुंदी घेऊन घरी जातात, आणि पटांगणात खुर्च्या मांडल्या जातात. नोंदवही आधी फिरते, बोलणं नंतर. सही करून निम्मे लोक ‘जरा बैल बघून येतो’ म्हणून निघून जातात. मागून वहीत कोऱ्या जागेवर ठराव लिहिला जातो, आणि वर्षभराने कुणीतरी कागद दाखवतं: ‘हे बघा, तुमचीच सही.’ म्हणून साधा उपाय. सही शेवटी करा. ठराव वाचून दाखवा म्हणा. वहीत ठरावाखाली रिकामी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारायला सांगा. एवढं एका बाईने केलं तरी सभेचा नूर बदलतो.

आणखी एक खाचखळगा: गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली, की पुढच्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्याला न जाणारे खरं तर दुसऱ्या सभेची सोय करून देत असतात.

ग्रामसेवक, तलाठी... आता नावं बदललीत का?

कागदावर हो, २०२४ पासून. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’, आणि तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’. गावात भाऊसाहेब म्हटलं की दोघंही वळून बघतात.

कुठलं काम कुणाकडे ते मात्र गोंधळू नका. जन्म-मृत्यू नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, नमुना आठ: ग्रामपंचायत. सातबारा, फेरफार, वारस नोंद: तलाठी. गावठाणातली मोजणी आणि मालमत्ता पत्रक: भूमी अभिलेख. शहापूर नगरपंचायत हद्दीत घरपट्टी आणि दाखले नगरपंचायतीत, पण सातबारा तिथेही तलाठ्याकडेच. आणि नमुना आठ हा कराचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. एजंट तो लॅमिनेट करून ‘क्लिअर टायटल’ म्हणून दाखवतात.

तलावाजवळ प्लॉट मिळतोय, स्वस्त आहे. घ्यावा का?

‘लेक व्ह्यू’ असं लिहिलेला फलक दिसला की आधी सातबारा मागा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. तिथे जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६ किंवा ३६ अ चा शेरा असेल तर ती आदिवासीची जमीन आहे. बिगर-आदिवासीला ती घ्यायची तर जिल्हाधिकारी आणि शासनाची पूर्वपरवानगी लागते, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचीही संमती. ‘करारनामा करून ठेवू, परवानगी मागून काढू’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठा. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो, हा आणखी एक अडसर.

ते पार झालं तर मग बघा: वन विभागाची हद्द कुठे, अभयारण्य किती लांब, धरणाची संपादित जमीन कुठे संपते, रस्ता सरकारी नकाशावर आहे की दुसऱ्याच्या शेतातून. आणि सगळ्यांत शेवटी, पाणी कुठून. तलाव दिसतो म्हणजे नळ येतो असं नाही, हे वर आलंच आहे.

तानसाला सहलीला जाता येतं का? पोहता येतं का?

पोहायला नाही. तो पिण्याच्या पाण्याचा राखीव तलाव आहे, पहारा असतो, आणि बांधावर जायला महापालिकेची परवानगी लागते. जंगलात जायचं तर वन विभागाची. पक्षी बघणाऱ्यांसाठी मात्र तानसाचं रान मोठं आहे: नामशेष होत चाललेला रानपिंगळा २०१४ मध्ये इथे दिसला. स्पीकर आणि बाटल्या घेऊन येणाऱ्यांनी दुसरीकडे जावं.

धरणाचे दरवाजे उघडले की आम्हाला कसं कळणार? नदीकाठी घर आहे.

जिल्हा प्रशासन आणि तहसील इशारा देतात, आजकाल तो आधी व्हॉट्सॲपवर पोचतो. तानसा आणि मोडकसागर भरून वाहिले की खालच्या गावांना सांगितलं जातं. पण शहापूर शहरात पाणी शिरतं ते बहुतेक भारंगी नदीचं, आणि भारंगीवर वरती दरवाजे उघडणारं मोठं धरण नाही. म्हणजे तिथे इशारा पावसाचाच.

तक्रार कुठे करायची? फोन कुणी उचलत नाही.

लेखी करा आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीविषयी असेल तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडे, तिथे हललं नाही तर ठाण्यात जिल्हा परिषदेत. नगरपंचायतीविषयी मुख्याधिकारी, मग जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका शाखा. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही टाका, तारीख राहते.

माहिती अधिकारात अर्ज टाकताना नेमकं विचारा. ‘गावात पाणी का नाही?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला कायदा कुणाला बांधत नाही. ‘नळयोजनेच्या कामाचं मोजमाप पुस्तक, देयकं आणि गेल्या तीन वर्षांची वीजबिलं यांच्या प्रती द्या’ असं लिहा. दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण तलावांच्या बाबतीत तो महिनाभर फिरत राहतो. तानसा असेल तर मुंबई महापालिकेच्या जलअभियंता खात्याला, भातसा असेल तर जलसंपदा विभागाला थेट टाका.